पहिल्या हाकेला ओ देणारी

५ मे, सोमवार

सुट्टी पोरांची आणि अभ्यास आजीला, ही कुठली रीत म्हणायची टीचरबाई? आधी तक्रार लिहिली, आता नमस्कार घ्या. मी रंगूबाई, तुमच्या पहिलीतल्या सान्वीची आजी, बापाची आई. शाळेनं कागद पाठवलाय, की सुट्टीत घरच्यांनी मुलांना जवळपासची बघण्यासारखी ठिकाणं दाखवावीत आणि आजी-आजोबांनी ती मराठीत लिहून काढावीत. खाली तुमचं नाव, देवयानी. आजोबा सुटले, ते आधीच वर गेले. मी चौथीपर्यंत शिकले, तीही मास्तर गावात असतील तेव्हा. चुकलं तर लाल पेन तुमच्याजवळ आहेच.

आज ओतूरहून एसटीनं माळशेज उतरून कल्याण, तिथून टिटवाळा. ज्वारीचं पीठ आणि कैऱ्या आणल्या. कोंबडीही आणणार होते, कंडक्टर नाही म्हणाला. घर नव्या बिल्डिंगमध्ये, वारा चांगला येतो. लिफ्ट बोलते. हॉलमध्ये एक काळं डबडं आहे, त्याला विचारलं की तेही बोलतं. माणसं तेवढी बोलत नाहीत, फोनात बघतात. लेक साईनाथ माजिवड्याला गाड्यांच्या शोरूममध्ये, सून सोनल कल्याणला डोळ्यांच्या दवाखान्यात. पोरीला सांभाळणारी बाई गावी गेली ती तिकडचीच झाली, म्हणून माझी आठवण झाली. राग नाही. अडल्याशिवाय कोण कुणाचं दार वाजवतं.

सान्वी गोड आहे, पण हाकेला बहिरी. जेवायला म्हणून मारल्या तेवढ्या हाका भिंतीला मारल्या असत्या तर भिंत आली असती. शेवटी आतून खेकसली, काय आहे म्हणून. बाप असाच होता. मला बरं वाटलं.

११ मे, रविवार

ठिकाण पहिलं, इथलाच गणपती. देऊळ मोठं, गर्दी त्याहून मोठी. बाहेर तळं आहे. सान्वीनं माशांना चुरमुरे टाकले आणि अर्धे स्वतः खाल्ले. सोनलनं फोटो काढले, प्रत्येकात मी डोळे मिटलेली.

निघताना मी आमची रीत केली. आमच्याकडे पोर परक्या जागी रमलं, जत्रेत म्हणा नदीवर म्हणा, की त्याचा थोडा जीव तिथं रेंगाळतो. म्हणून निघताना घरातल्या मोठ्या बाईनं त्या जागेकडे तोंड करून पोराचं नाव घ्यायचं. पोरानं ‘आले’ म्हणायचं. मग ‘चल घरी’ म्हणून निघायचं, परत वळून बघायचं नाही. नाहीतर पोर घरी येऊन किरकिरतं, खाल्लेलं अंगाला लागत नाही. सोनल हसली. सान्वीला मात्र खेळ आवडला, असं ‘आले’ ओरडली की नारळवाल्यानं दचकून नारळ पाडला.

१४ मे, बुधवार

साईनाथची सुट्टी, म्हणून ठाण्याला तलावपाळी. नावेत बसलो. नावाडी म्हणाला आजी हलू नका, मी म्हटलं नाव तुझी हलतेय, मी नाही. भेळ खाल्ली. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा पाणी पैठणीसारखं दिसलं. टीचरबाई, हे ठिकाण नक्की दाखवा पोरांना.

निघताना हाक मारली. साईनाथ कानकोंडा झाला, लोक बघतात म्हणे. मी म्हटलं, तुलाही असंच प्रत्येक जत्रेतून काढून आणलंय, म्हणून अख्खा आहेस.

२१ मे, बुधवार

सोनलनं रजा टाकली आणि सगळे आनंदबागेत गेलो. आंबिवलीहून रिक्षा करून आत जावं लागतं. नवीनच झालीय. छोटी आगगाडी, पाळणे, हसवणारे आरसे, मध्ये तळं आणि त्यात हंसाच्या होड्या. हंसांची तोंडं कोंबड्यांसारखी आहेत. सान्वी आगगाडीतून उतरेना, मग होडीतून उतरेना. पाण्यात हात घालून बसली होती.

निघताना गर्दी फुटली. मी डबे भरलेली पिशवी घेऊन मागे पडले. मला वाटलं सान्वी बापाबरोबर गोळ्याच्या गाडीपाशी आहे, माझ्या मागे. फाटकात उभी राहून तळ्याकडे तोंड केलं आणि हाक मारली. लगेच ओ आली, ‘आले’. बारीक आवाज, पाण्याच्या बाजूनं. मी म्हटलं चल घरी, आणि निघाले.

बाहेर येऊन बघते तर सान्वी रिक्षात, आईच्या मांडीवर झोपलेली. बाप म्हणाला केव्हाची झोपलीय, मीच उचलून आणली.

दुसरी कुणी सान्वी असेल. आजकाल दगड मारावा तर सान्वीलाच लागतो. पण त्या दुसरीला मी चल घरी म्हटलं, तिची आई काय म्हणाली असेल.

२३ मे, शुक्रवार

दुपारी सान्वी न्हाणीघरात होती. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, कैरीचं पन्हं झालं होतं. ओ आली बाल्कनीतून.

जाऊन बघितलं. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. सान्वी न्हाणीतच, साबणाचे फुगे करत बसलेली. तिनं हाक ऐकलीसुद्धा नव्हती.

मला त्या काळ्या डबड्याचा संशय आला. आवाज काढण्याचंच काम त्याचं. वायर उपटून कपाटात ठेवलं. साईनाथ चिडला. चिडू दे.

२६ मे, सोमवार

डबडं कपाटात आहे आणि ओ येते आहे. मग शेजारच्या पोरीवर डोळा ठेवला, तर ती आजोळी गेलीय. मग सोनलवर. फोनात भरून वाजवते की काय, म्हातारीची गंमत करायला? पण ती कामावर असतानाही येते.

सोनल मात्र खूश. म्हणते, आई तुम्ही आल्यापासून सान्वी पहिल्या हाकेला ओ देते. हेच तर. आमच्या घराण्यात पहिल्या हाकेला ओ देणारं पोर जन्मलेलं नाही.

आज मुद्दाम लक्ष ठेवलं. सोनलनं स्वयंपाकघरातून हाक मारली. पोर माझ्यासमोर रंग भरत होती. ओ आतल्या खोलीतून आली. आणि त्याच वेळी सान्वीनं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. घसा धरला. संध्याकाळपासून घोगरं बोलते. डॉक्टर म्हणाला बागेत बर्फाचा गोळा खाल्ला असेल.

गोळा तिनं खाल्लाच नव्हता. झोपली होती.

२९ मे, गुरुवार

पोरीला शेजारणीकडे ठेवून एकटी आनंदबागेत गेले. आरशातली पोरं हसत होती, आगगाडी फिरत होती, मला काही बघायचं नव्हतं. फाटकाबाहेर एक म्हातारी काकड्या विकते, सरस्वती. इथल्याच जुन्या गावची. आधी काकड्या घे म्हणाली, कडू निघाल्या तर परत घेणार नाही. घेतल्या. मग बोलली.

बाग आता झाली, तळं जुनंच आहे. त्यांच्या गावात तिथं पोरांना नावानं हाक मारत नसत. टाळी वाजवायची नाहीतर ए पोरी म्हणायचं. का, ते तिला सांगता येईना. सासू सांगायची, एवढंच. मी काय केलं ते सांगितल्यावर काकडी सोलता सोलता थांबली.

“तूच चल बोल्लीस ना गो? मग ती तुझी पाव्हणी. आता ती हाक मारंल. जी ओ देल, तिला संगती नेल्याबिगर जायाची नाय.”

उपाय विचारला. म्हणाली उपाय माहीत असता तर मी काकड्या विकत बसले असते का.

बरोबर आहे. पाहुणी रिकाम्या हातानं जात नाही. आपल्यातही नाही जात.

काकड्या कडूच निघाल्या.

१ जून, रविवार

हुकूम काढला. घरात पोरीचं नाव घ्यायचं नाही. दगडी म्हणायचं. पोरं जगत नसली की आमच्याकडे असंच नाव ठेवतात. आणि पोरीला शिकवलं, कुणीही हाक मारली तरी तोंड मिटून नुसता हात वर करायचा. खेळ म्हणून शिकवलं. तिनं खेळ म्हणून घेतला नाही. माझ्याकडे बघून विचारलं, ती माझा आवाज परत देणार का? म्हणजे पोरीला माहीत आहे. मलाच उशिरा कळलं.

सोनल रडली. म्हणाली तुम्ही माझ्या मुलीला भेदरवताय. साईनाथनं पुढच्या सोमवारची एसटी बघून ठेवलीय माझ्यासाठी. आईला परत पाठवतोय. पाठव बाबा. पण मी आणलेल्या दुसरीला कोण पाठवणार?

४ जून, बुधवार

नाव कुणी घेत नाही तर ती गप्प बसेल असं वाटलं होतं. नाही.

तिन्हीसांजेला देवापाशी वाती करत होते. दाराबाहेरून हाक आली, सान्वी, चल घरी. आवाज — माझा. माझाच, ओतूरचा, दात नसलेला. मी इथं बसलेली आणि मी बाहेरून हाक मारते आहे. पोर उठून दाराकडे निघाली. तोंड उघडलं होतं. मी हात तिच्या तोंडावर दाबला, कापूस सगळीकडे झाला. चावली मला. मग माझ्या पदरात तोंड घालून बसली.

बाहेर बघितलं नाही. वळून बघायचं नसतं.

७ जून, शनिवार

सोनल विसरली. बाहेरून आली आणि सवयीनं नाव घेतलं. आतून ओ आली. गोड, खणखणीत, पूर्वी सान्वीचा होता तसा आवाज. आणि सान्वी तिच्यासमोर, हात वर करून, ओठ घट्ट.

सोनलनं आतल्या खोलीकडे बघितलं. मग पोरीकडे. पिशवीतले टोमॅटो खाली घरंगळत गेले, कुणी उचलले नाहीत.

ती आता हसत नाही. माझी एसटी तिनंच रद्द करायला लावली. रात्री माझ्या अंथरुणाशी येऊन बसली, म्हणाली आई, जाऊ नका.

१० जून, मंगळवार

पोरीचा आवाज पुरता गेला. फक्त ओठ हलतात. डॉक्टर दुसरा, औषध दुसरं —

हाक आता दिवसाही येते. कधी सोनलच्या आवाजात, साईनाथच्या, बहुतेक माझ्या. साईनाथ काल दार उघडायला गेला होता, त्याला दवाखान्यातून आलेल्या सोनलची हाक ऐकू आली म्हणून. सोनल घरात भाकऱ्या थापत होती. तोही आता दारापाशी बसतो.

हात वर करते बिचारी. प्रत्येक हाकेला. हात दुखत असेल.

१३ जून, शुक्रवार

तिला घाई झालीय. सारखी हाक. लिफ्टमधून, नळातून — शेजारीण म्हणाली काकू किती ओरडता नातीवर.

पोरीचा चेहरा पातळ होत चाललाय. कसं लिहू — दिव्यासमोर धरलेल्या कागदासारखा.

मी आणली. बोलावून आणली. पाठवायची तर —

१५ जून, रविवार, तिन्हीसांज

टीचरबाई, उद्या शाळा. ही वही सोनल तुमच्या हातात देईल. ठिकाणं वर लिहिलीत. पहिली दोन पोरांना दाखवा. तिसऱ्या ठिकाणी नेलंत तर नाव घेऊ नका, टाळी वाजवा.

आमची पोर बोलणार नाही. हजेरीत तिचं नाव आलं की हात वर होईल. हात दिसला की हजर मांडा. ‘हजर’ असा आवाज आला आणि हात दिसला नाही, तर मान वर करू नका. ये म्हणू नका, बस म्हणू नका. पुढचं नाव घ्या. पोरीच्या घशात आवाज परत आला तर समजा पाहुणी गेली, मग तोंडानं ओ दिली तरी चालेल —

हाक आली. दाराशीच. माझ्याच आवाजात.

सान्वीचा हात वर आहे. तोंड मिटलेलं. गुणाची ग.

सोनल, हे वाच आणि पोरीला धर. साईनाथ, तू कडी काढ आणि बाजूला हो, वळून बघू नकोस. तुम्ही कुणी तोंड उघडायचं नाही. आवाज माझा आहे, बोलावणंही मीच केलं होतं. तेव्हा ओ मी देणार, दुसऱ्या कुणीही —