सरांच्या गाडीचा वॉल

८ डिसेंबर, सोमवार
सातपुते सर आले. पूर्वी इथे शेवगावात शिकवायचे, आता दोन वर्षं भंडारदऱ्याकडच्या शाळेत. सोबत आई. दम्याची, आठवड्याला पहाटे दवाखान्यात न्यावी लागते. गाडीची तक्रार एकच: हिटर गार फुंकतो, काच धुरकटते, घाटात समोरचं दिसत नाही. तिकडचा मिस्त्री म्हणतो डॅशबोर्ड खोला, हिटरचा कॉइल बदला. सर म्हणाले, बाळू, तू बघितल्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही. बरं वाटलं. शनिवारपर्यंत बहिणीकडे आहेत, गाडी ठेवून घेतली.

९ डिसें.
गार इंजिन चालू केलं. हिटरचे दोन्ही पाइप हाताला सारखेच कोमट. म्हणजे कॉइल तुंबलेला नाही. मग रेडिएटरचा वरचा पाइप धरला, तोही लगेच कोमट. तसं व्हायला नको. इंजिन तापेपर्यंत थर्मोस्टॅटचा वॉल पाणी अडवून धरतो. गाडी पळवली तरी तापमानाचा काटा पाव भागाच्या वर येईना. वॉल उघडाच अडकला असणार, म्हणून खोललं.
आत वॉलच नाही, म्हणून इंजिन तापत नाही आणि हिटर गार. जोडाला निळा सीलंट. गावात निळा सीलंट मी एकटा वापरतो.

१० डिसें.
आठवलं. सरांच्या बदलीआधीचा उन्हाळा. गाडी तापत होती, सरांना लग्नाला जायची घाई. मी वॉल काढून टाकला, काटा खाली आला, सर खूश. वॉल काढलाय हे सांगितलं नाही. इथे कोण सांगतं. माझे उस्ताद रहीमचाचा, हल्ली गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसतात, त्यांनीच हे शिकवलेलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हितं थंडी हाय कुटं, बाळू? वॉल ठिवायचा कशाला?"
शेवगावापुरतं ठीक. पण गाडी शेवगावात राहिली कुठे.

११ डिसें., गुरु.
नगरहून नवा वॉल आला. घरी चहाच्या भांड्यात पाणी उकळून त्यात सोडला. उघडला. बाहेर काढला, मिटला. बायको, मंदा, म्हणाली, आता हे भांडं गॅरेजलाच घेऊन जा, घरात चहा मिळणार नाही. बसवला. हिटर असा तापला की खिडकी खाली करावी लागली.
पण पाथर्डी रस्त्याला, चढावर, काटा अर्ध्याच्या पुढे. म्हणजे मूळ दुखणं तसंच. तेव्हा मी ते नुसतं झाकलं होतं.

१२ डिसें.
रेडिएटर उतरवला. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, निम्म्या नळ्या बंद. ते पाणीही आमच्याच पाइपने भरलेलं! साफ करून आणला, कूलंट भरलं, त्यातली हवा काढली. चढावर दोनदा नेली. काटा मध्यावर, हलायचं नाव नाही.
राहिलं सरांना सांगायचं. चाचा म्हणतात, गाडी नीट झाली, मग तोंड कशाला उघडायचं. दिवसभर दुसऱ्या कामात लक्ष नाही.

१३ डिसें., शनि.
सर आले. आई पुढच्या सीटवर बसल्या. किल्ली देताना सांगून टाकलं. "सर, वॉल मीच काढला होता. तुम्हाला बोललो नाही."
आई म्हणाल्या, "दोन हिवाळे मी पदरानं काच पुसत बसले, बाळू. एका हातात दम्याचा पंप, एका हातात पदर."
रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. फार लाज वाटली. पोचल्यावर कळवा म्हणालो. सरांनी गाडी काढली. चाचांनी दारातून सगळं ऐकलं.

१५ डिसें., सोम.
सरांचा फोन नाही. मी लावायला दोनदा घेतला, ठेवला.
दुपारी चाचा आपणहून उठले. फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा काढून बाकावर उपडा केला. आम्ही काढलेले वॉल, भंगारात द्यायचे राहिलेले. सतरा. कुठला कुणाच्या गाडीचा, दोघांनाही सांगता येईना. बऱ्याच वेळाने चाचांनी एक उचलला. "ह्यो सुप्याच्या डायवरचा असंल. कंपनीतली मानसं ने-आन करतो बघ."
नंबर होता, लावला. हिटर चालतो का विचारलं. तो हसायला लागला. "बाळूशेट, कधी लावूनच बघितला न्हाई."
म्हटलं, आता लावून बघ, गरम वारा येतो का. फोन ठेवू नको.
तो गाडीकडे गेला. चाचा माझ्याजवळ येऊन उभे राहिले, वॉल हातातच.