एका तासाची मुदत

॥ श्री ॥
सेनगाव
दि. ३ डिसेंबर २००२

चि. हरिचंद यास देविदासाचे अनेक आशीर्वाद.

तुझी पोळ्याची आणि दिवाळीची अशी दोन्ही पत्रे समोर आहेत आणि उत्तर एकाचेही गेले नाही. क्षमा कर. डायरी रोज लिहितो, तेव्हा वेळ नव्हता असे म्हणता येणार नाही. जे लिहायचे ते तुलाच लिहायचे होते, म्हणून राहिले.

तांड्यावर सर्व ठीक. याडीचे, आपल्या आईचे, गुडघे थंडीत धरतात, पण माझ्याकडे सेनगावला यायचे नाव काढत नाही. सेनगावच्या घरांना दारे फार, असे तिचे म्हणणे. शेजारच्या पद्माबाईंची तूर चांगली उभी आहे. तुझी निता दहावीचा अभ्यास करते म्हणते, करत असावी. मार्चमध्ये तिला सोळा पूर्ण होतील. ही तारीख पुढे लागणार आहे म्हणून लिहिली.

धरणावरचे आपले नौका मंडळ तुझ्या परिचयाचेच. होड्या सहा, पैकी दोन गळक्या. पुनमचंदजींनी अभियंत्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हा नाद काढला, आणि तू जहाजावरून सुट्टीत येऊन पोरींना शीड धरायला शिकवलेस. आपले पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून हिंडले. पाण्याशी त्यांचा संबंध बैल पाजण्यापुरता. त्यांच्या पणत्यांना वारा कुठून येतो ते न पाहता कळते, हे मला अजून नवलाचे वाटते.

तू दिलेले नियमांचे इंग्रजी पुस्तक मला वाचता येते, एवढ्या गुणावर मी चिटणीस आणि शर्यत अधिकारी दोन्ही झालो. त्यावरून आठ पानांचे मराठी पत्रक केले. पाच मिनिटे उरली की पहिला झेंडा, चार उरली की निळ्यात पांढऱ्या चौकोनाचा दुसरा. एक मिनिट राहिले की दुसरा खाली, आणि वेळ झाली की पहिलाही. प्रत्येक वेळी शाळेची घंटा. आधी रेषा ओलांडली तर मागे यायचे, वळणाच्या खुणेच्या तरंगत्या केशरी पिंपाला शिवले तर एक गिरकी मारून पुढे जायचे. झेंडे पद्माबाईंनी गणवेशाच्या कापडाचे शिवले. सगळे बराबर चालले होते.

मुंबईच्या शिबिरासाठी मंडळातून एकच मुलगी जायची होती, सोळाच्या आतली. तिथे जी चमकते तिला वर्षभर ठेवून घेतात, शाळाही तिथेच. चार शर्यतींनंतर निता आणि माझी मिना यांचे गुण सारखे झाले. २४ नोव्हेंबरची पाचवी शर्यत ठरवणार होती.

शेवटच्या फेरीत निता पुढे. मिना तिच्या मागे चार होड्यांच्या अंतरावर, आणि मिनाच्या पाठोपाठ पुंजाजी मेंढपाळाची रागिणी. दुसऱ्या पिंपापाशी रागिणीची होडी उलटली. अंगात तरंगते जाकीट होते, पण पायात दोरी अडकून ती शिडाखाली गेली. बचावाच्या होडीचे इंजिन नेमके तेव्हाच सुरू होईना. मी दुर्बीण लावून काठावर उभा. निताने मान वळवली, होडी फिरवली आणि मागे गेली. दोरी सोडवून रागिणीला आपल्या होडीत ओढले. मग दोघी सावकाश आल्या. मिना पहिली, निता चौथी.

मदत करताना मागे पडलेल्या होडीला दाद मागता येते, असे कलम आहे. पत्रकात मी ते घेतले आहे. फक्त अर्ज लेखी हवा, निकाल लावल्यापासून एका तासात. मी बारा चाळीसला निकाल फलकावर लावला. कोऱ्या अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर होता, वर गोटा ठेवलेला. निता दोनदा फलकापाशी आली. वाचले, माझ्याकडे पाहिले, माठातले पाणी प्याली, आणि सव्वाच्या जीपने तांड्यावर गेली. मी हाक मारली नाही. घरची पोरगी म्हणून शिकवून अर्ज घेतला असे कोणी म्हणू नये, हे एकच डोक्यात होते. एक चाळीसला गठ्ठा कपाटात ठेवला.

मी वागलो ते नियमाला धरून होते का, एवढे सांग. मला बरे वाटावे म्हणून काही लिहू नकोस.

आहे ती माया असू दे.
तुझा,
देविदास


विशाखापट्टणम
१५ डिसेंबर २००२

ती. दादांच्या चरणी हरिचंदचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चार महिन्यांचं एकदम आलं, म्हणून दोनदा वाचलं. मी बरा हाय. जहाज दुरुस्तीला लागलंय, त्यामुळं जमिनीवर झोपून राहिलो आन् झोप येऊन न्हाई राहिली.

याडीला गुडघ्याचं तेल पार्सलनं धाडलंय. ती लावायची न्हाई, तरी द्या.

आता नियमाचं. तुमी विचारलं म्हणून सांगतो, न्हाईतर तुमाला शिकवायची माझी काय टाप. तुमी मास्तर म्हणून नवे व्हते तवा माझ्या शुद्धलेखनाचा अर्धा मार्क कापला व्हता, सख्खा भाऊ म्हणून. भाकर वाढताना याडीनं विचारलं व्हतं, दुसऱ्याच्या पोराचा कापला असता का. तुमी तवा बी ताटात बघत बसला व्हता.

दादा, पुस्तकात अजून एक कलम हाय. होडीवाल्यानं अर्ज न्हाई केला तरी शर्यत घेणारी समिती स्वतःहून त्याच्यासाठी दाद मागू शकते. म्हंजी तुमीच. निताच्या दप्तरातून तुमचं पत्रक माझ्याकडं आलंय, आठी पानं पाहिली. ते कलम त्यात न्हाई. काहून सोडलं?

आन् ज्याचं नातं हाय त्यानं निवाड्याला बसू नये, एवढंच पुस्तक म्हणतं. जे डोळ्यानं पाहिलं ते सांगू नये असं कुठंच न्हाई म्हणत. कारण बराबर असंल तर मुदत बी वाढवून मिळते.

निताचं पत्र आलं तवा तिनं एवढंच लिहिलं व्हतं, चौथी आले, वारा पडला. रागिणीचं नाव बी न्हाई. मला तुमच्या पत्रातनं कळलं.

एक विचारतो, राग मानू नका. तुमी लिहिता रागिणी मिनाच्या पाठोपाठ व्हती. म्हंजी जवळ मिनाच व्हती. त्या दिवशी मिनाची होडी मागं फिरली असती आन् निता पुढं निघून गेली असती, तर तो गठ्ठा कपाटात गेला असता का?

मी हितं हजार किलोमीटरवर. मला फक्त लिहिता येतं, म्हणून लिहिलं.

ल्हानाच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका, पण इसरू बी नका.
तुमचा,
हरिचंद


सेनगाव
२२ डिसेंबर २००२

चि. निता हिस अनेक आशीर्वाद.

मोठेबाबांकडून पत्र आले म्हणून घाबरू नकोस. एकच विचारायचे आहे. २४ नोव्हेंबरला तू दाद मागण्याचा अर्ज का केला नाहीस? कलम तुला ठाऊक नव्हते, की आणखी काही कारण होते? खरे ते लिही. मी रागावणार नाही.

अभ्यास करावा, आजीला जपावे.
देविदास


तांडा
२६ डिसेंबर २००२

ती. मोठेबाबांना निताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा आजी हसली. तांडा सहा किलोमीटर, आणि तुमचं पत्र हिंगोली फिरून तीन दिवसांनी आलं. ती म्हणाली, तुझा मोठाबाबा जेवायला ये म्हणायचं झालं तरी तिकीट लावंल.

कलम मला ठाऊक होतं. तुमचं पत्रक मला पाठ आहे, पान पाच. पण आजी लहानपणापासून सांगते की पाण्यातून कुणाला काढलं तर ते आपल्या तोंडानं सांगू नये. ज्यानं केलं त्यानं बोललं की केलेलं धुऊन जातं. मग मी अर्जात काय लिहायचं, मी रागिणीला वाचवलं, आता मला पहिला नंबर द्या? रागिणी तिथंच टॉवेल गुंडाळून बसली होती. तिच्यासमोर लिहायचं?

दुसरं असं की तुम्ही पाहिलं होतं. दुर्बीण तुमच्याच हातात होती. मोठ्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं मी परत कागदावर लिहून द्यायचं, म्हणजे तुमच्यावर भरवसा न्हाई असं झालं असतं. म्हणून मी दोनदा फलकापाशी येऊन उभी राहिले. मला वाटलं तुम्ही बोलाल. तुम्ही गोटा सरळ करत होता. मग मला वाटलं, नियमात बसत नसेल.

मिनाला यातलं काही सांगू नका. तिची तयारी चालली असेल. तिला माझं जुनं जाकीट हवं असेल तर न्यावं, नव्याच्या पट्ट्या मानेला लागतात.

वाऱ्याचं खोटं मी बाबांना लिहिलं, त्याबद्दल त्यांची माफी मागितली आहे.

माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला.
आपली,
निता


॥ श्री ॥
सेनगाव
१२ जानेवारी २००३

चि. हरिचंद यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि निताचे पत्र दोन्ही डायरीत ठेवली आहेत. ते कलम पुस्तकात सापडले. त्याखाली माझीच पेन्सिलची रेघ आहे. पत्रक करताना मी ते वाचले होते आणि सोडले, कारण समितीने कुणा एकासाठी काही मागणे मला पक्षपाताचे वाटले. पुस्तक लिहिणाऱ्यांपेक्षा मी स्वतःला जास्त निःपक्षपाती समजलो.

२८ डिसेंबरला पुनमचंदजींकडे लेखी अर्ज दिला. उशिराच्या कारणात लिहिले, चूक समितीची, म्हणजे माझी. त्यांनी चष्मा काढून विचारले, तुम्ही मिनाचे वडील ना. मी हो म्हणालो. त्यांनी चष्मा लावला आणि पोच दिली.

५ जानेवारीला शाळेच्या वर्गात सुनावणी झाली. निवाड्याला पुनमचंदजी आणि हिंगोलीचे दोन प्राध्यापक. माझी साक्ष लिहून दिलेली होती. ती वाचली गेली तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात होतो. निता याडीला घेऊन आली होती. आत काय झाले ते पुनमचंदजींनी नंतर सांगितले.

त्यांनी मिनाला विचारले की तू पाहिलेस का. ती म्हणाली, पाहिले होते. शिडाखाली रागिणीचा हात दिसला. तेवढ्यात निता फिरली, तेव्हा तिला वाटले की आता एक जण जाते आहे. काठावर आल्यावर ती माझ्या बोलण्याची वाट पाहत होती. बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे बराबरच असेल, असे तिने धरले.

दोन्ही पोरींनी माझ्या गप्प बसण्याचा नियम केला, हरिचंद. एक पुढे गेली ते चालते, आणि दुसरीने मागे फिरून काही मिळत नाही, असा.

याडीला कोणी काही विचारले नव्हते. ती उठून आपल्या बोलीत बोलली आणि निताने मराठीत सांगितले. केले त्याने सांगू नये, पाहिले त्याने सांगावे. तांड्यातले शेंबडे लेकरूही एवढे जाणते. त्यातले पहिले अर्धे निताच्या पत्रात होते. दुसरे अर्धे तिने मला कळवले नव्हते. मला ते ठाऊक असेलच, असे तिला वाटले असावे. ठाऊक होतेही. त्याच याडीने मला वाढवले आहे.

निवाडा निताच्या बाजूने झाला. होडी फिरवताना जो क्रमांक होता तो तिचा, म्हणजे पहिला. कागद हातात घेताना माझे हात हलके होतील असे वाटले होते.

मग मुंबईला निवाड्याची प्रत पाठवली. काल फोन लागला. बोलणारे गृहस्थ सभ्य होते. नावे ३१ डिसेंबरला बंद झाली. आता बदल होत नाही. नाव असलेली मुलगी आली नाही तर जागा रिकामी राहील. पुढच्या वर्षी जरूर पाठवा. मी मार्चची तारीख सांगितली. त्यांनी वाईट वाटते म्हणून सांगितले, आणि ते त्यांना खरेच वाटत असावे. माझा अर्ज तीन आठवडे आधी असता तर एका सहीत काम झाले असते. त्या तीन आठवड्यांत मी डायरी लिहीत होतो.

मिना जायचे नाही म्हणते. भरलेली पेटी तिने परत उपसली आहे. ती गेली तर निताच्या जागेवर जाईल. नाही गेली तर जागा कोणाचीच नाही. मी तिला काय सांगू? दोन्ही उत्तरांना माझ्याकडे नियम आहे आणि एकातही दम नाही.

तू विचारलेस त्याचे उत्तर राहिले. मिनाची होडी मागे फिरली असती तर गठ्ठा कपाटात गेला असता का? डायरीत तीन दिवस उत्तर लिहिले आणि खोडले. आधी लिहिले, हो, गेला असता, तुझा अर्धा मार्क कापणारा तोच मी. पण एक चाळीसला गठ्ठा उचलताना मला जे हायसे वाटले, ते नियम पाळल्याचे नव्हते. निता घरची पोरगी म्हणून मी गप्प बसलो, असे मी तुला लिहिले. मिनाचा बाप म्हणून गप्प बसलो, हे लिहिले नाही. ते मला तेव्हा ठाऊक नव्हते, असेही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

मुंबईचे उत्तर निताला अजून कोणी कळवलेले नाही. काल रात्रीपासून तिला दोन पत्रे लिहिली आणि दोन्ही फाडली. ५ तारखेला ती व्हरांड्यातून माझ्या समोरून गेली, तेव्हा थांबली होती. मी तिला जीप मिळेल का एवढेच विचारले. मी पाहिले होते, हे एक वाक्य मी समितीला लिहून दिले, तुला लिहिले, डायरीत लिहिले. तिला अजून सांगितलेले नाही.

माझ्याविषयी जे उरले असेल ते सांभाळून ठेव.
तुझा,
देविदास

ता. क. डायरीच्या उद्याच्या पानावर एकच ओळ आहे: सकाळी सायकलने तांड्यावर जाऊन निताला तोंडाने सांगणे.