केस कमजोर आहे

मानक नगर, लखनऊ
बुधवार

ती. विजयावन्सं,

त्या सकाळी मी मेथी निवडून ठेवली, दूध तापवलं, कुकर लावला आणि पिठाच्या डब्यासाठी खाली वाकले, तेव्हा मागून तुमचे भाऊ म्हणाले, "अनघा, तुझा भांग रुंद झालाय." जन्मभर रुळांमधलं अंतर मोजलेला माणूस, त्यांना असलंच दिसायचं. मी म्हटलं, मोजून सांगा. तर खरोखर पट्टी घेऊन आले. (आधी नमस्कार लिहायचा राहिला, तो आता घ्यावा. गुडघा कसा आहे? "बरा" असं लिहू नका. तुमच्या माहेरी सगळे कायम बरेच असतात; तुमचे भाऊ हॉस्पिटलातही शेवटपर्यंत बरेच होते.)

त्यांना जाऊन चौदा महिने झाले. भांग आणखी रुंदावला असावा, पण स्वतःचा माथा स्वतःला दिसत नाही आणि विचारावं तर घरात कोणी नाही. मेडिकलवाल्याने कॅफीनचा शाम्पू दाखवला, दोन मिनिटं डोक्यावर ठेवा म्हणाला. माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे, वाचल्याशिवाय मी काही घेत नाही. त्यावरचे इंग्रजी कागद छापून आणले आणि आठवडाभर शब्दकोश घेऊन बसले. काचेच्या बशीत ठेवलेली केसांची मुळं कॅफीनने वाढली म्हणतात, पण माझं डोकं म्हणजे काही बशी नव्हे. माणसांवरच्या चाचण्या थोड्या, त्यांत माणसंही थोडी, बहुतेक पुरुष. एका चाचणीत ते नेहमीच्या औषधाच्या तोडीचं निघालं, पण अशा चाचण्यांत पैसा बऱ्याचदा शाम्पू विकणाऱ्यांचाच.

हे सगळं डोक्यात घोळत असताना फाटकापाशी शेजारच्या विभाजी भेटल्या. मी म्हटलं, क्या बताऊँ, केस की चिंता है. तीस वर्षांत मी 'बाल'च म्हणत आलेय, पण हल्ली घरात मराठी बोलायला कोणी नाही, तर ती अशी बाहेर सांडते. त्यांनी विचारलं, कब से? मी म्हटलं, चौदह महीने से. भाईसाहब के जाने के बाद से? हाँ. त्यांनी माझा हात धरला, म्हणाल्या, पेंशन के लिए रेलवे बहुत दौड़ाती है. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांच्या लेखी मी पेन्शनसाठी रेल्वेला कोर्टात खेचलंय.

दुसऱ्या दिवशी खुलासा करणार होते. पण वन्सं, त्या चार वाजता खस्ता कचोऱ्या घेऊन आल्या. तेराव्यानंतर माझ्याकडे चहाला आलेलं ते पहिलं माणूस. मग रोजच येऊ लागल्या, मागोमाग गल्लीतल्या आणखी दोघी. केस कशी चाललीय विचारतात. मी खोटं एक अक्षर बोलत नाही. सबूत कमज़ोर है, म्हणते. जो है, वो उन्हीं का दिया हुआ है जिनका फ़ायदा है. सगळ्या माना डोलावतात. विभाजी म्हणतात, सरकारी मामलों में यही होता है.

आता उद्या त्या आपले दीर नरेंद्रजी यांना आणणार आहेत. ते वकील आहेत आणि त्यांना कागद बघायचेत. खरं सांगितलं तर केस संपली, आणि चार वाजताची बेलही. काय करू ते कळवा. (उत्तर पोचेपर्यंत उद्या उलटून गेलेला असेल, तरी कळवा.)

तुमची,
अनघा

ता. क. शाम्पू मी घेणार नाही. माझं मागणं निराळंच आहे: रविवारी फोन करत जाल का? विषय नसला तरी चालेल. मराठीत बोलू.

ता. क. दुसरा, शनिवार. पत्र पेटीत टाकायचं राहून गेलं. गुरुवारी नरेंद्रजी आले. मी शाम्पूचेच कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी पहिलं पान पुरतं वाचलं, चष्मा काढला आणि फार अदबीने विचारलं, "भाभीजी, इसमें मुवक्किल कौन है?" (मुवक्किल म्हणजे आपल्याकडे अशील.)

मी म्हटलं, "मेरे बाल."

विभाजी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मीही हसले. जाताना त्या रोज फाटकातून "कल आती हूँ" म्हणतात. त्या दिवशी हसण्याच्या नादात म्हणायचं राहिलं, की म्हणायचं नव्हतं, ते कळलं नाही. काल चार वाजून गेले, साडेचार झाले.

पाच वाजता मी घराला कुलूप लावलं आणि त्यांच्याकडे गेले.