बाबांजवळचं स्टूल

प्रिय मुंगी,

फोन सोडून आई पत्र काय लिहायला बसली, म्हणून तुला नको ते वाटलं असेल. घाबरू नकोस, बाबा आहेत. समोर खिडकीपाशी खुर्चीत बसलेत, मान उशीला टेकवून. गेलाय तो माझा घसा. पार बसला. डॉक्टरांनी तंबी दिलीय, आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही म्हणून. मला! हसलीस ना? हस बाई, कुणीतरी हसा आता.

माझा धीर सुटलाय गं. कामाला मी कधी डरले नाही. अंथरूण बदलणं, अंग पुसणं, कूस वळवणं, सगळं करते. पण बाबांनी जेवण सोडलंय, त्यापुढे माझं काही चालत नाही. चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेतात. नाकातून नळी घालायची का, हे सोमवारपर्यंत कळवा म्हणून डॉक्टर सांगून गेले. तू फोनवर म्हणालीस, विचार कसला करतेस, घाल. पण त्यांच्या डोळ्यांत बघून मला हो म्हणवत नाही, आणि नको म्हणायची छाती होत नाही. हृदयही थकलंय म्हणाले. नळी घातली तरी किती दिवस, ते देवालाच ठाऊक.

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांना वाचा शिकवायला येतात ना त्या बाई, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की घरात बोलत राहा, यांच्या कानावर शब्द पडू देत. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलं! मी डोळे उघडल्यापासून सुरू व्हायची. शेजारणीचं भांडण, भाजीवाल्याचा लबाडपणा, नळ गळतोय, तुझ्या मावशीचे गुडघे. दम लागला की रेडिओ लावायची. रोज तुझा फोन, तोही स्पीकरवर, आणि तू ओरडायचीस, बाबा, बोला ना, एकदा मुंगी म्हणा ना! संध्याकाळी चर्चमधल्या बायका खुर्चीभोवती कडं करून प्रार्थना करायच्या. मनाच्या सोन्यासारख्या आहेत गं, पण त्या शिवणकामवाल्या बाईंचा आवाज तुला माहीत आहे. देव काय बहिरा आहे? बाबा डोळे गच्च मिटायचे, आणि आम्हाला वाटायचं, भक्तीत रंगलेत.

एवढंही कळू नये मला? ज्या माणसाचा जन्म बस स्थानकावर भोंग्यावरून ओरडण्यात गेला, त्याच्याबद्दल? अमुक गाडी तमुक फलाटावर, पाकीट सांभाळा, हरवलेल्या मुलाने चौकशीच्या खिडकीपाशी यावं. अख्खं गाव त्यांना भोंगेवाले म्हणायचं. घरी आले की बूट काढायचे, हातपाय धुवायचे, पवित्र शास्त्रातलं एखादं वचन वाचायचे आणि या खिडकीपाशी गप्प बसायचे. हातात काही नाही, ओठांवर काही नाही. चहा निवून जायचा, मी धुसफुसायची. दळण पडलंय, दिवा लागत नाही, आणि हे महाशय खिडकीत! एकदा मी चिडून विचारलं, प्रार्थना करता तर तोंडाने का करत नाही? तर म्हणाले, देव सभ्य आहे, दुसऱ्याचं बोलणं तोडून तो बोलत नाही. आपल्याला थांबावं लागतं.

आणि तू! स्टूल ओढून त्यांच्या गुडघ्याशी बसायचीस. शाळेतून रडत आलेली असलीस तरी बसायचीस, आणि उठताना तुझं तोंड वेगळंच असायचं. काय करता दोघं, विचारलं तर म्हणायचीस, काही नाही. मला राग यायचा गं. वाटायचं, बाप-लेकीने मिळून मला दाराबाहेर ठेवलंय. मी आत यायला कधी स्टूलही ओढलं नाही, ते सोड.

परवा घसा गेला. रेडिओने डोकं ठणकायला लागलं, म्हणून तोही बंद केला. बायकांना दारातूनच हाताने खूण करून परत पाठवलं. सूपची वाटी घेऊन यांच्यापुढे बसले आणि तोंडातून शब्द फुटेना. मुंगी, मी भेदरले. त्या शांततेत नळाचा थेंब ऐकू आला, मग यांचा श्वास, मध्येच अडकणारा. आणि जे मी इतके दिवस बडबडीखाली दाबून ठेवलं होतं, ते वर आलं. हे चाललेत. आपल्याला सोडून चाललेत, आणि मी त्यांना निरोपाचीही उसंत दिली नाही. प्रभूशी रोज भांडत होते मी, बरं कर, बरं कर, ऐकतोस की नाही? त्याला एक शब्द बोलू दिला नव्हता. वाटी मांडीवर ठेवली आणि रडले. आवाज नव्हताच, त्यामुळे रडणंही मुकं. देवापुढे आयुष्यात पहिल्यांदा मी नुसती बसले होते, काहीही न मागता. उत्तर आलं असं म्हणत नाही. पण एकटी नव्हते, एवढं नक्की.

वर पाहिलं तर यांनी तोंड उघडलं होतं.

थोडंसं सूप गेलं. कालही गेलं. लगेच आशा लावून बसू नकोस, पक्ष्याच्या घोटाएवढं आहे ते. डॉक्टरांनी आज पुन्हा तपासलं आणि नाही अशी मान हलवली. नळीचं मी अजून काही ठरवलेलं नाही. पूर्वी दहा जणांना विचारलं असतं. आता वाटतं, ते आपण दोघींनी यांच्याजवळ गप्प बसून ठरवावं. मला एकटीला हे पेलत नाही गं, खरंच पेलत नाही.

पत्र का लिहिलं आणि आजच रात्रीच्या गाडीवाल्याच्या हाती का पाठवतेय, ते आता सांगते. काल सूप झाल्यावर यांनी चांगला हात उचलला आणि बाजूला हवेत थोपटला. मी खुणेने विचारलं, पाणी हवं? मान हलवली. उशी? नाही. मग मला सुचलं. माळ्यावरून तुझं स्टूल काढलं, पुसलं, त्यांच्या गुडघ्याशी ठेवलं. त्यांनी त्यावर हात ठेवला. मला वाटलं, शेवटी का होईना, मला आत बोलावलं. बसले मी. तर हळूच माझ्या दंडाला धरून मला उठवलं, आणि दाराकडे बघत राहिले. मग माझा हात धरून ठेवला, पण नजर दारावरच. आजही दुपारपासून तसेच बसलेत. तू ये. मिळेल त्या गाडीने ये. दारातून हाक मारू नकोस, रडू नकोस, मुंगी म्हणा असं म्हणू नकोस. फोन बाहेर ठेव, बूट काढ, आणि तुझ्या जागेवर बस. मी उंबऱ्यापाशी बसेन, गप्प. त्यांना आता पेनाची खरखरही नको असेल, म्हणून इथेच थांबते.

तुझीच,
बडबडी आई