धक्का द्यायला कोणी नसताना

प्रिय दिव्यानी,

जय भीम. तू पाठवलेली सायकलची मोटर पोचली. खोक्यावर तुझं नाव होतं, आत चिठ्ठी नव्हती. तू माझ्याच पोटची आहेस याला आणखी कोणता पुरावा हवा? बाबा गेले आणि तू पुण्याला परत गेलीस, तेव्हापासून आपलं फोनवरचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'गोळी घेतली का' याच्या पुढे सरकत नाही. सणाला येत नाहीस, सुट्टीला येत नाहीस. मीही बोलावत नाही. फोनवर मी टोमणा मारते आणि तू फोन ठेवतेस. कागद मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतो, म्हणून हे पत्र.

मोटर मूल गावच्या पोचू मिस्त्रीनं बसवली. आधी वायरी अशा जोडल्या की चाक उलटं फिरायला लागलं. मी म्हटलं, असू दे पोचूभाऊ, अंगणवाडीचा कारभार तसाही मागेच चाललाय, मीही त्याच्यासोबत जाईन. त्यानं वायरी बदलल्या, तर सायकल जागची हलेना. पायडल फिरलं तरच मोटरीला जाग यायची. म्हणजे अगदी सरकारी योजना: आधी स्वतः चालून दाखवा, मग आम्ही मदत करतो. माझा डावा पाय तर मी अंगणवाडीतल्या पोरांएवढी होते तेव्हाच पोलिओनं नेला. शेवटी पोचूला त्याच खोक्यात हँडलला लावायचा खटका सापडला. आता अंगठ्यानं खटका दाबला की उभी सायकल निघते. पायडल नको, धक्का नको, कोणी माणूसच नको.

जुनं इंजिन तुला आठवतच असेल. बाबांनी नागपुरातून आणून सायकलीच्या दांड्यांमध्ये बसवून घेतलेलं, वर पेट्रोलची लहानशी टाकी. लोक पायडल मारून वेग घेतात आणि मग ते इंजिन सुरू करतात. माझे पाय म्हणजे तुझे बाबा. मी क्लच दाबून बसायची, ते कॅरिअर धरून मागून धावायचे आणि वेग आला की म्हणायचे, "सोड." क्लच सोडला की इंजिन खाकरायचं, एक हिसका बसायचा आणि मी जंगलापलीकडच्या अंगणवाडीकडे सुटायची. परत येताना हेच काम गुणाबाई करायची, अंगणवाडीतली आमची मदतनीस. तिचं लुगडं चाकात जाऊ नये म्हणून मी रोज तिच्यावर ओरडायची आणि ती रोज गोंडीत मला काहीतरी ऐकवायची. त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही.

एकदा सुटलं की थांबायचं नाही, हा नियम. थांबलं की इंजिन बंद, आणि मग जंगलात धक्का कोण देणार? त्यामुळे इतकी वर्षं त्या रस्त्यानं गेले, पण मोहाची फुलं वेचणाऱ्या एकाही बाईशी धड बोलले नाही. मागेही पाहायचं नाही, कारण मान वळली की हँडल वळायचं. गावातले लोक हसायचे, निघाली पिठाची चक्की. बाबांना मात्र त्या आवाजाचा भारी अभिमान. वाघाच्या मुलखात असा आवाज पाहिजे, म्हणायचे. "आवाज असला का वाघ बाजूले होते. तुले कायचा भेव नाई."

त्या दिवशी परतताना इंजिन जंगलातच बंद पडलं. नशिबानं फोन लागला. बाबा गावातून चालत आले, हातात काठी. घाबरलेले होते, माझ्यासाठी. आल्या आल्या मला बसवलं आणि धावले. ते इंजिन दोघांना ओढत नव्हतं, नाहीतर... असो. इंजिन पकडल्यावर मागून म्हणाले, "थांबू नको, मी येतो मागून." मी घरी आले, चहा टाकला, दोन कप. चहा आटला, पुन्हा पाणी घातलं. पुढचं तुला माहीत आहे. आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला होता की वाघ आवाजाला भितो. आवाज माझ्यासोबत गेला आणि त्या रस्त्यावर ते एकटे, बिनआवाजाचे राहिले, हे काही आमच्या हिशेबात आलं नाही.

नंतर वनखात्याचे साहेब आले, फोटो निघाले, 'सावधान' लिहिलेली पाटी लागली. वाघ वाचायला शिकेपर्यंत तिचा उपयोग काय ते मला समजलेलं नाही. सकाळचा धक्का शेजारचा विनोद द्यायला लागला. निवडणुकीतल्या उमेदवारासारखा एकदाच जोर लावतो आणि गायब होतो. बाबा गेले त्या जागेवरून जाणारे-येणारे एकेक डहाळी टाकतात. वाघानं माणूस नेला की इकडे तसं करतातच. गुणाबाई न चुकता टाकते. म्हणते, "बाई, तुमचा मानूस हाय, तुमी काऊन नाई टाकत?" आमच्यात नाही असलं, मी म्हणायची. खरं तर मी तिथे थांबूच शकत नव्हते.

परवा नव्या मोटरीवर पहिल्यांदा जंगलातून गेले. या मोटरीला आवाजच नाही. त्या रस्त्याला काय काय ऐकू येतं हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. सागाचा वाळका पाला, कुठेतरी लाकूड फोडणारं पाखरू. आणि मागे कोणी धावत असल्यासारखं. चाकाखालचाच पाला असणार. भुताखेतांना आपल्या घरानं छप्पन सालीच रजा दिली आहे. पण माझं वय झालं म्हणून कान काही खोटं बोलत नाहीत. मी डहाळ्यांच्या ढिगाजवळ थांबले. मागचा आवाजही थांबला.

मी मागे पाहिलं. कोणी नव्हतं.

बाबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तू मला विचारलं होतंस, "आई, तू एकदाबी मागं पाह्यलं नाईस काऊन?" मी उत्तर दिलं नाही आणि तू बॅग भरलीस. मला आतापर्यंत वाटत होतं की तिथे वळण असेल, बांबू आडवा येत असेल. तसं काही नाही, दिव्यानी. रस्ता लांबपर्यंत सरळ आहे. मागे पाहिलं असतं तर बाबा दिसले असते. एवढंच तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गोड करून सांगायची मला सवय नाही.

ऐनाची एक डहाळी मोडून मी ढिगावर ठेवली. मग सायकलवर बसले, अंगठा खटक्यावर ठेवला आणि बसूनच राहिले. बऱ्याच वेळानं कळलं की मी 'सोड' ऐकायची वाट पाहतेय. खटका दाबला, सायकल निघाली. मागची पावलंही निघाली. त्यानंतर सायकल अंगणातच उभी आहे. अंगणवाडीची पोरं गुणाबाई एकटीच सांभाळतेय आणि मी गुडघा दुखतो असं सांगितलंय. मला त्या आवाजाची भीती वाटत नाही. मला वाटतं, पुन्हा एकदा त्यांना मागे टाकून मी निघून जातेय. ही मोटर दोघांना ओढते, पोचू मागे बसून पाहून गेलाय. तू एकदा ये. पुढे मी बसते, तू कॅरिअरवर मागे तोंड करून बस. मी रस्ता सांभाळते, तू मागे पाहत राहा.

तुझीच, अंगणात उभ्या सायकलीवर बसून हे लिहिणारी,
आई