सात पोर्ट आणि एक मेहुणा

सोमवार, ३ मार्च, सकाळी ९.१०
ठरलं. मेहुण्याला धूळ चारायची. काल जेवताना हिच्यासमोर म्हणाला की भावोजींनी कॉम्प्युटरच्या स्क्रिप्ट लिहिण्याच्या भानगडीत पडू नये. आम्ही एकाच कारखान्यात. वजनकाट्याचे आकडे जो आपोआप कॉम्प्युटरवर आणेल तो सेक्शनचा इन्चार्ज, असं साहेबांनी जाहीर केलंय. ते शुक्रवारी दौऱ्यावरून आले की डेमो. खुर्ची माझी. त्याला रोज माझ्यासमोर उभा करीन.

मंगळवार, ४ मार्च
स्क्रिप्टने सिरीयल पोर्टची, म्हणजे कॉम्प्युटरला यंत्रं जोडायच्या जागांची, यादी काढली. सात निघाले. त्यांतला एक काट्याचा असणारच. बाकीच्यांना काय जोडलंय ते मेहुण्याला पाठ आहे, पण मेलो तरी विचारणार नाही. स्क्रिप्टच प्रत्येक पोर्ट उघडेल, एक ओळ पाठवेल. उत्तर देईल तो काटा. ओळ कुठलीही चालते. मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं: मेहुणा माठ आहे. फार बरं वाटलं.
उत्तर नाही.

बुधवार, ५ मार्च, दुपारी
सहा पोर्ट उघडतच नाहीत. चार नंबर मात्र ओळ बिनतक्रार घेतो. म्हणजे हाच काटा! बोलत नाही एवढंच. ओळी वाढवल्या. मेहुणा मठ्ठ. मेहुणा साहेबांचा चमचा. मेहुण्याला टक्कल पडतंय. दर दहा सेकंदांनी, दिवसभर.
चहाला गेलो तर लोडिंगवाले माझ्याकडे बघून हसले. एकाने सलाम ठोकला. इन्चार्जपदाची बातमी फुटली वाटतं.

गुरुवार, ६ मार्च
ही बोलत नाही. भाऊ हरणार म्हणून असेल. मेहुणा आज टोपी घालून आला. घाबरलाय. मला अजिबात दया आली नाही.

शुक्रवार, ७ मार्च, सायंकाळी
डेमो. स्क्रीनवर 'कनेक्टेड' आलं. मी कौतुकाची वाट बघत उभा. साहेबांनी विचारलं, वजन कुठाय? मग मागची खिडकी उघडली. यार्डात ट्रकवाल्यांसाठी सरकत्या लाल अक्षरांची मोठी इलेक्ट्रॉनिक पाटी आहे. चार नंबरचा पोर्ट तिचा. तिच्यावरून 'साहेबांचा चमचा' सरकत होता. तीन दिवस अख्खा कारखाना वाचत होता.
माझी नोकरी गेलीच होती. तेवढ्यात मेहुणा म्हणाला की पाटीच्या टेस्टिंगसाठी त्या ओळी त्यानेच दिल्या होत्या. साहेब हसले.
मग त्याने वाकून कपाटामागे पडलेली काट्याची वायर जोडली. यादीत आठवा पोर्ट आला. माझीच स्क्रिप्ट, पहिल्या फटक्यात वजन. साहेबांनी थाप त्याच्या पाठीवर मारली.

शनिवार, ८ मार्च
मेहुणा इन्चार्ज.
पाटी बंद का केली नाहीस, असं हिने त्याला विचारलं. म्हणाला, बंद केली असती तर मी वाचतोय हे भावोजींना कळलं असतं, उगीच ओशाळले असते.
सकाळपासून विचार करतोय. याचा सूड कसा घ्यायचा ते सुचत नाही.