दोन-तृतीयांश

शारजा, ५ ऑक्टोबर २००८

ती. मनोरमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी कंपनीच्या पोस्टबॉक्समध्ये मिळालं. आईने तुझ्यासाठी भाजणी करून ठेवली आहे; ती अमेरिकेला कोण नेणार, हे तिलाही ठाऊक नाही.

नागरिकत्वाच्या मुलाखतीचा अभ्यास करताना तिकडच्या सरकारच्या तीन शाखा डोक्यात मिसळतात असं तू लिहिलंस, म्हणून ताजं उदाहरण देतो. २९ सप्टेंबरला बँकांना वाचवायचं विधेयक प्रतिनिधीगृहात आलं. राष्ट्राध्यक्षांना ते हवं होतं, तरी २०५ विरुद्ध २२८ मतांनी पडलं. म्हणजे राष्ट्राध्यक्ष एकटे कायदा करू शकत नाहीत. मग सिनेटने बदल करून ते मंजूर केलं, प्रतिनिधीगृहाने परवा होकार दिला आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांची सही झाली. एखादा कायदा घटनेत बसतो की नाही, हे सर्वोच्च न्यायालय सांगतं. आकडे मी दोन वर्तमानपत्रांत ताडून पाहिले आहेत.

आमचे सुपरवायझर यूनुसभाई म्हणतात, या मंदीत दुबईला काही होत नाही, बात खलास. बाबा म्हणतात, ताईला लिही, या वेळी मुलाखत चुकवायची नाही; ती तिकडची नागरिक झाली की भावासाठी अर्ज करील. ते ऑफिसातून फार दमून येतात, एवढंच.

वेदांगदादाला नमस्कार. तुझा आशीर्वाद असू दे.

तुझा निनाद


एडिसन, २६ ऑक्टोबर २००८

चि. निनादास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी उत्तरं मी फ्रिजवर चिकटवली आहेत. वेदांग म्हणतो, आई, या घरात तिन्ही शाखा तूच आहेस. माझ्या वयाला मराठीतून परीक्षा द्यायची सवलत आहे, म्हणून तुझं मराठी मला पुरतं. अकरावीत शाळा सोडलीस, पण खरा मास्तर तूच व्हायचास. एक मात्र कळलं नाही. राष्ट्राध्यक्षाने नाही म्हटलं की विषय संपला का? तुझ्या आजोबांसारखं?

आता नीट उत्तर दे. शुक्रवारी फोनवर तुझ्या बाबाचा, प्रकाशचा आवाज बसलेला होता. एसीमुळे, म्हणाला. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलंय रे. खोटं बोलायच्या आधी तो खोकतो. मागे आईच्या आजारपणात मी मुलाखत सोडून आले, अर्ज निकालात निघाला, पण तिचे शेवटचे सहा आठवडे मला मिळाले. त्याची खंत मला कधी वाटली नाही. तू सांग, उद्या तिकीट काढते. तू पडताळल्याशिवाय काही लिहीत नाहीस, म्हणून तुलाच विचारते आहे.

दिवाळीचे फटाके तिकडे नसतात, तरी पहाटे लवकर उठला होतात ना, आळशांनो? अनुराधावहिनीला विचारलंय म्हणून सांग.

तुझी आत्या


शारजा, २१ नोव्हेंबर २००८

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आजोबांसारखं नाही. राष्ट्राध्यक्ष विधेयक नाकारून परत पाठवू शकतात, पण दोन्ही सभागृहांनी ते दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं, तर त्यांच्या सहीशिवाय कायदा होतो. तिघांपैकी दोघे, असं लक्षात ठेव.

आमच्या साइटवरची क्रेन दोन आठवडे एकाच दिशेला तोंड करून उभी आहे. बाबांना ऑफिसने लांब रजा दिली. मंदीमुळे पुष्कळांना दिली आहे. ते घरी बसून माझी पत्रं तपासतात. हे पत्रही त्यांनी वाचलं आणि महत्त्वाच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून दिली. आवाज एसीमुळेच बसला होता. तू येऊ नकोस. हे मी विचार करून लिहितो आहे.

आईचा नमस्कार. माझ्यावर रागावू नये, ही विनंती.

तुझा निनाद


एडिसन, १० फेब्रुवारी २००९

चि. निनादास अ. उ. आ.

मास्तर, तुझी विद्यार्थिनी पास! एका शाखेला फार बलवान होण्यापासून काय रोखतं, असं विचारलं. मी म्हटलं, बाकीच्या दोघी. दुभाषीबाई हसली, साहेबही हसला. शपथसुद्धा आजच झाली. ग्रीन कार्ड जमा करून घेतलं, भारताचा पासपोर्ट शपथेबरोबर बाद झाला, अमेरिकेचा यायला थोडे दिवस लागतील. बाहेर येऊन लगेच तुला फोन केला. बातमी ऐकून बाबा हसले असं तू म्हणालास, तेव्हा सतरा वर्षांचं चीज झालं. पासपोर्ट आला की आधी तुमच्याकडे येते. भावासाठीचा फॉर्म आणला आहे, आज नाव तेवढं भरलं.

सगळ्यांना खूप खूप आशीर्वाद.

तुझी आत्या


शारजा, २७ फेब्रुवारी २००९

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं दहा तारखेचं पत्र काल मिळालं. अकराला बाबा गेले, एवढंच मी फोनवर सांगू शकलो. बाकीचं लिहितो.

बाबा हसले नव्हते. मी हॉस्पिटलात त्यांच्या कानाशी जाऊन, आत्या पास झाली, असं दोनदा म्हटलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

फुप्फुसातली गाठ सप्टेंबरातच कळली होती. बाबांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की मुलाखत होईपर्यंत ताईला कळता कामा नये. आईच्या वेळी ती सगळं टाकून आली, आता माझ्यासाठी तसं नको. आई रडली आणि हो म्हणाली. मीही हो म्हणालो.

आत्या, घरात आम्ही तिघं. आई आणि मी मिळून दोन-तृतीयांश. तुला समजावून देताना मी ते माझ्या हाताने लिहिलं, पत्र बंद केलं आणि पोस्टात टाकलं. बाबांचा नकार आम्ही मोडू शकलो असतो. ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तू तर मलाच विचारलं होतंस.

त्यांच्या व्हिसावर आई इथे होती, म्हणून आम्ही मार्चअखेर पुण्याला परततो आहोत. जमल्यास क्षमा कर.

निनाद


एडिसन, १८ मार्च २००९

चि. निनादास अनेक आशीर्वाद.

तुझी मोजणी चुकली, बाळ. घरात चौघं होतो. चौघांत दोघांनी भागत नाही, तिघं लागतात. तिसरी मी होते. खोकला मी ऐकला होता. तू येऊ नकोस लिहिलंस, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. या वेळी मलाही तो कागद हवा होता. तो मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा विमानात बसायला माझ्याकडे कुठल्याच देशाचा पासपोर्ट नव्हता. माझा भाऊ माझ्याशिवाय गेला, त्याला माझंही मत होतं.

एप्रिलच्या चौथ्या तारखेला पुण्याला पोचते. वहिनीला म्हणावं, भाजणी टाकू नकोस.

तुझी पत्रं फ्रिजवरून काढली. नोव्हेंबरचं बरोबर आणते आहे. प्रकाशने रेघ कुठे मारली आहे, आठवतं का तुला? 'सहीशिवाय कायदा होतो' याच्याखाली. जोर देऊन, दोनदा. ती रेघ परीक्षेसाठी होती की आपल्यासाठी, हे आपण तिघं एकत्र बसून बघू.

तोवर आईला जप, आणि या म्हातारीवरचा जीव कमी करू नकोस.

तुझी आत्या